सगळ्यात खालची ओळ

"ही फाईल मशीन सोता न्हाय बनवत," केसरीनाथ सांगत होता. "कोनीतरी रिकामी फाईल आनून ठेवाय लागते. ठेवली, तर मशीन त्यात लिवतं. कोन आला, कवा आला, कवा गेला. न्हाय ठेवली, तर गप ऱ्हातं. तक्रार न्हाय करत. समजलं बाय?"

शेजारी मालाची पावती, म्हणजे बिल्टी, करत बसलेल्या कमळाचा हात थांबला. सुरतेच्या गाडीतल्या गाठींचा आकडा तिने दोनदा चुकवला. हे बोलणे तिचे होते. अकरा वर्षांपूर्वी, ब्याण्णव साली, याच खोलीत केसरीनाथने ते तिला सांगितले होते. आज तेच, शब्दाला शब्द, तो कामावर नुकत्याच लागलेल्या उन्नतीला सांगत होता. या वेळी तो खास तिला शिकवायला आला होता. 'बाय'सुद्धा तसेच. कमळा आता 'कमळाताई' झाली होती.

कामतघरच्या त्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात कॉम्प्युटर आला तेव्हा शेठनी त्याला हार घातला होता आणि सगळ्यांना चपला बाहेर काढायला लावल्या होत्या. एक मोठे मशीन, त्याला जोडलेले चार टर्मिनल, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे. जवळच्या कोन गावाहून येणाऱ्या कमळाला कळ दाबायचीही भीती वाटे. मशीन बसवायला आलेला केसरीनाथ तिथल्याच पूर्णा गावचा. तो तिच्याच बोलीत बोलला आणि तिची भीती गेली. त्यानेच तिला त्या फाईलची जन्मकथा सांगितली. सत्तर-एकाहत्तरच्या सुमारास अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत मशीन एक आणि त्यावर काम करणारे अनेक. म्हणून दोन फाईली काढल्या. एकीत आत्ता कोण बसले आहे ते, दुसरीत कोण आले-गेले ते. "पयली पुसत ऱ्हाते, दुसरी वाढत ऱ्हाते," तो म्हणाला होता. "आधी तर ही दुसरी बिचारी तात्पुरत्या फाईलींच्या ढिगात पडलेली असायची. मंग कुठं तिला बरं घर मिळालं. ठेव, तुझ्या हातानं ठेव."

कमळाने ठेवली. मग आपले नाव आणि पासवर्ड घालून ती आत शिरली आणि फाईलमधले पहिले नाव तिचे लागले.

'लास्ट' ही आज्ञा दिली की नावांची रांग पडद्यावर येई. ताजी वर, जुनी खाली. जेवणाच्या सुट्टीत कमळा कधी कधी कळ दाबत दाबत पार तळाला जाई. वर शेठचे पुतणे, मॅनेजर, ऑपरेटर येऊन गेले होते. तळाला ती होती. दर दिवाळीच्या आधी केसरीनाथ मशीन तपासायला येई आणि विचारी, "लय मोठी झाली फाईल. कापू काय?"

"हात न्हाय लावायचा, दादा."

तो हसे. तेवढ्या हसण्यावर तिचे वर्ष जाई. हे तिने घरी नवऱ्यालाही सांगितले नव्हते. सांगण्यासारखे त्यात होते तरी काय?

"काका, म्हणजे ही माझ्या पप्पांच्या लहानपणची गोष्ट!" फाईलची जन्मकथा ऐकून उन्नती म्हणाली आणि केसरीनाथ हसला. तेच हसू.

"दादा, चहा थंड झाला," कमळा म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

दोन दिवसांनी भर दुपारी लाईट गेली. आजूबाजूच्या कापड कारखान्यांतले सगळे लूम एकदम मुके झाले. पोरे वाऱ्याला बाहेर गेली, उन्नतीही गेली. यूपीएस कुईकुई करत होता. इन्चार्ज म्हणून मशीनचा मुख्य पासवर्ड कमळाकडेच होता. तिला त्या पोरीचे नाव तेवढे उपटून काढायचे होते, पण त्या फाईलमधून एक नाव वेगळे काढणे तिला येत नव्हते. मग तिने अख्खी फाईलच काढून टाकली. मशीनने काही विचारले नाही. गप राहिले.

लाईट आली, लूम खडखडू लागले, बिल्ट्या निघाल्या. कोणाला काही कळले नाही. उन्नती पूर्वीसारखीच मशीनमध्ये आत-बाहेर करत राहिली, फक्त ते कुठे लिहिले जात नव्हते. कमळाचेही जात नव्हते. रोज सकाळी नाव घालताना आपण पाण्यावर बोट फिरवतोय असे तिला वाटे.

दिवाळीच्या तोंडावर केसरीनाथ आला. त्याने आज्ञा दिली, पडद्याकडे पाहिले, मग कमळाकडे.

"कमळाताई, फाईल कुठंय?"

"मना काय ठाव? मागं लाईट गेली व्हती."

"लाईटनं एकटी तीच फाईल कशी जाईल?" तो हळूच म्हणाला. थोडा वेळ चष्मा पुसत राहिला. "बरं. नवी ठेवू."

कमळाने खुर्ची पुढे ओढली. तिची बोटे कळांवर पोचलीच होती.

"ऱ्हाऊ दे, ताई. तू एकदा ठेवलीस." त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते. "उन्नती, ये बाय. तुझ्या हातानं ठेव."

कमळा उठली. उन्नतीने ठेवली, मशीनमधून बाहेर पडली, नाव घालून पुन्हा आत शिरली आणि 'लास्ट'ची रांग बघून टाळी वाजवून ओरडली, "अय्या, मी एकटीच! ताई, तुम्ही पण या ना!"

केसरीनाथ गेल्यावर कमळाने आपल्या टर्मिनलवर नाव घातले. मग उन्नतीकडे न बघता म्हणाली, "दादा दर दिवाळीला विचारतील, फाईल कापू काय म्हणून. न्हाय म्हणायचं."

"का हो ताई?"

"नागपूरच्या गाडीची बिल्टी झाली काय तुझी?"

पोर कामाला लागली. कमळाने 'लास्ट' लिहिले. दोन ओळी आल्या. वर तिचे नाव, खाली उन्नतीचे. सवयीने तिने तळाला जायची कळ दाबली. पडदा हलला नाही.