शेठनं वाचलेला रिपोर्ट

पुंजाजीची कंबर ट्रॅक्टरनं खाल्ली होती. वीस वर्षं किन्हीराजाच्या ढेकळांतून त्या सीटवर उसळ्या घेतल्यावर दुसरं काय होणार! आधी नुसती चमक भरायची. मग गावातली गोजराबाई, जन्मताना पायाकडून आलेली म्हणून पायाळू, त्याला उंबऱ्यात पालथं पाडून कंबरेवर पाय हाणायची आणि हा दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरवर. पण गेली तीन वर्षं चमक मुक्कामालाच आली. बसलं तर उठवेना, उठलं तर बसवेना. शेवटी गोजराबाईनंही हात, म्हणजे पाय, टेकले.

मग तुळसाबाईनं, त्याच्या बायकोनं, हट्टानं त्याला वाशिमच्या हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं एमआरआय काढला, गोळ्या दिल्या, व्यायाम दाखवले. "दोन महिने धीर धरा. बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. काय करायचं, काय टाळायचं, सगळं यात लिहिलंय. कोणाकडून तरी नीट वाचून घ्या," ते म्हणाले. बाहेर चाळीस पेशंट ताटकळत होते. पुंजाजी फाईल काखेत मारून निघाला.

कागद सगळे इंग्रजीत. पण त्याची पुंजाजीला कधी फिकीर नव्हती. मंगरूळपीरला शांतीलाल शेठचं कापडाचं दुकान होतं आणि पुंजाजीच्या घरातला प्रत्येक इंग्रजी कागद आजवर त्याच दुकानाच्या गादीवर उलगडला होता. विम्याचा कागद, लेक राखीच्या कॉलेजचं पत्र, फवारणीच्या औषधावरची चिठ्ठीसुद्धा. शेठ चष्मा कपाळावरून खाली ओढायचा, ओठ हलवत वाचायचा आणि मग अर्थ सांगायचा. शेठनं सांगितलं की पुंजाजीच्या लेखी ते ब्रह्मवाक्य.

"अवो, राखीले फोटो पाठवा ना मोबाइलवर," तुळसाबाई एसटीत म्हणाली. "पोरगी पुन्याले हाय, इंग्रजी शिकेल हाय."

"शेठ चाळीस वर्सं झाले वाचून राह्यला. आता पोरीकून वाचून घेऊ? त्याले काय वाटंन?"

शेठला काय वाटेल याची चिंता करणारा हा भला माणूस! मंगरूळला उतरून तो थेट दुकानात गेला. शेठनं रिपोर्ट वाचला. डॉक्टरच्या सूचनांचा कागद वाचला. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ वाचला.

"मनक्यामंधली गादी सरकली हाय जराशी. वयाच्या मानानं होतेच," शेठ म्हणाला. "कायले गोळ्या खाऊन पोट जाळता? आपल्या मयंकले दाखवा."

मयंक म्हणजे शेठचा एकुलता एक मुलगा. तो बंगळूरला कायरोप्रॅक्टिक शिकून आला होता, म्हणजे हातानं नेमका हिसका देऊन मणके मोकळे करण्याची विद्या. दुकानाच्या मागं काचेच्या दाराचं सेंटर थाटून दोन महिने झाले होते आणि तिथं माशीही फिरकत नव्हती. "माही कंबर पाहा," असं म्हणत शेठ हाताचा टेकू न घेता गादीवरून उठून उभा राहिला. "बसून बसून लाकूड झालं होतं. पोरानं मोकळी केली."

पुंजाजीनं मनातल्या मनात तोलून पाहिलं. एकीकडे गोळ्या, रोजचे व्यायाम आणि दोन महिन्यांचा धीर. दुसरीकडे एक हिसका आणि शेठचा शब्द. हिशेब अवघड नव्हता. हिसक्यानं माणूस बरा होतो हे गोजराबाईनं त्याला आधीच पटवून दिलेलं होतं.

मयंक पोरगा मात्र सरळ होता. "काका, रिपोर्ट कुठंय? तो पाहिल्याशिवाय मी हात लावत नाही."

"मी वाचला रे," शेठ दारातून म्हणाला. "साधंच हाय. फाईल दुकानात ठेवली. तू कर सुरू."

बापाचा शब्द कोण मोडणार? मयंकनं पुंजाजीला कुशीवर निजवलं, एक हात खांद्यावर, एक कंबरेवर ठेवला, आणि कटकन आवाज आला. पुंजाजी उठला तो हसतच. चार दिवस त्याचे पाय जमिनीला लागले नाहीत. पारावर, पिठाच्या गिरणीवर, लग्नाच्या मांडवात, जिथं जाईल तिथं तो स्वतःची कंबर वाकवून दाखवायचा. पुंजाजी म्हणतो म्हटल्यावर किन्हीराजातून रामकिसन गेला, गोविंदसिंग गेला, आणि पाहता पाहता अकरा जण मयंकच्या टेबलावर निजून आले.

मयंककडच्या पाचव्या खेपेनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी पुंजाजीच्या डाव्या पायातली चप्पल टिकेना. त्यानं खाली पाहिलं. अंगठा वर उचल म्हटलं तर अंगठा ऐकेना. पाय त्याचाच होता, पण त्याचा राहिला नव्हता. तुळसाबाईनं गाडी बोलावली आणि त्याला वाशिमला नेलं.

डॉक्टरनं पाय तपासला, हिसक्यांचं ऐकलं, जुना कागद कॉम्प्युटरवर काढला आणि ते भडकलेच. "मी काय लिहिलं होतं? 'नसेवर दाब आहे. हिसका देऊन मणका बसवण्याचा कोणताही प्रकार करू नये.' खाली रेघ मारली आहे!" मग आवाज उतरवून म्हणाले, "त्या उपचारानं साध्या कंबरदुखीत काहींना आराम पडतो, मी नाही म्हणत नाही. पण तुमची कंबर त्यातली नव्हती. हे कोणी वाचून दाखवलं तुम्हाला?"

"हाय एक वळखीचा," पुंजाजी म्हणाला. लाज वाटली, आणि ती स्वतःची नव्हे, शेठची वाटली. अजूनही त्याला वाटत होतं की शेठची नजर चुकली असेल, वय झालं, चष्मा जुना.

ऑपरेशन उद्या सकाळीच करायचं ठरलं. त्याआधी पायात ताकद किती उरली हे मोजायला त्याला व्यायामाच्या खोलीत पाठवलं. तुळसाबाईच्या खांद्यावर हात टाकून, पाय ओढत तो आत गेला आणि दारातच थांबला.

समोरच्या पलंगावर शांतीलाल शेठ उताणा पडला होता. कंबरेला रुंद पट्टा आणि पट्ट्याच्या दोरीला पायथ्याशी लटकलेलं वजन. त्याला उठता येत नव्हतं, तोंड लपवता येत नव्हतं.

"ओळखता का शेठजींना?" तिथल्या बाईंनी कौतुकानं विचारलं. "सहा महिने झाले, एक मंगळवार चुकवला नाही. म्हणून तर आता आधाराशिवाय उठतात."

सहा महिने! पुंजाजीला कोणीतरी भर बाजारात थोबाडीत मारल्यासारखं झालं. तो पलंगाजवळ गेला. "शेठ, मयंकनं तुमच्या कंबरेले कधी हात तरी लावला का?"

शेठ छताकडे पाहत होता. "नाही."

"अन् माह्या कागदावरची ती ओळ? नजर चुकली ना तुमची? सांगा, नजर चुकली म्हना. मी मानतो."

शेठ म्हणाला, "वाचली होती, पुंजाजी. दोनदा वाचली. पोरगा दोन महिने रिकामा बसून होता. तुमी आलात की गाव येते, मले मालूम होतं. वाटलं, गोजराबाईच्या लाथेनं काही झालं नाही, यानं काय होते..."

"स्वतःची कंबर डॉक्टरले देली, अन् माही पोराले!" पुंजाजी ओरडला. "तू? तू असं केलं?" चाळीस वर्षांत त्याच्या तोंडून शेठसाठी पहिल्यांदा 'तू' निघालं, आणि ते ऐकून दोघंही दचकले.

बाईंनी घाईघाईनं त्याच्यासोबत पाठवलेला ऑपरेशनच्या संमतीचा कागद पुढे केला. इंग्रजीत. शेठचा हात सवयीनं चष्म्याकडे गेला आणि वाटेतच थांबला.

"बाई, तुमी वाचा," पुंजाजी म्हणाला. "हळू वाचा. एकही ओळ सोडू नका."

त्यांनी वाचलं. पायातली ताकद पूर्ण परत येईल याची खात्री देता येत नाही, हेही वाचलं. तुळसाबाईनं पदर तोंडाला लावला. पुंजाजीनं सही केली, पेन परत दिला आणि पुन्हा पलंगाकडे वळला.

"माह्या भरवशावर गावातले अकरा जन तिथं गेले. रामकिसनले तर वाशिमचाच कागद होता, इंग्रजीतला. त्याले तो कोनं वाचून देला?"

शेठनं डोळे मिटून घेतले. "मीच," तो म्हणाला.