पुढच्या खांद्याचा मान

माणसाची पारख मी त्याच्या चपलांवरून करतो. भांडुपच्या आमच्या इमारतीत दारोदारी काढलेल्या चपला बघत जिना चढलो, की कोण कसा आहे ते मला कळतं. टाच बाहेरून झिजली तर माणूस हट्टी. अंगठ्याशी भोक पडलं तर उतावळा, वर चिकट. छप्पन्न वर्षांचा झालो, लोकांचे तळवे असे न बघताच वाचत आलो. स्वतःचा तेवढा राहिला.

जानेवारीत बुटात खडा असल्यासारखं वाटायला लागलं. बूट काढून झटकला. खडा पडला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा झटकला. तिसऱ्या दिवशी बायको, उत्तरा, म्हणाली, "अहो, बुटाला किती छळाल? पाय दाखवा." डाव्या चवड्याखाली डाळीएवढं कुरूप होतं.

एरवी मी तसाच चाललो असतो. पण शिमगा जवळ आला होता. संगमेश्वरजवळ आमच्या गावी देवीची पालखी नाचवतात, त्यात पुढच्या डाव्या खांद्याचा मान आमच्या घराण्याचा. नाचवायची अनवाणी, तीही दोन-दोन तास. अठरा वर्षं मी तो मान कुणाला दिलेला नाही. माझ्या पाठी चुलतभाऊ काशीराम असतो, मालाडचा. त्याच्या दोन्ही चपला सारख्या झिजतात, म्हणजे माणूस धूर्त. दर वर्षी विचारतो, "सुबोध, दमलास तर सांग हां." मी का सांगीन?

मेडिकलमधून कुरुपावर लावायची औषधी पट्टी आणली. मधुमेह असणाऱ्यांनी वापरू नये, हे पाकिटावर बारीक अक्षरांत होतं. ते मी चष्मा न लावता वाचलं, म्हणजे वाचलंच नाही. मला मधुमेह आहे, पण 'थोडासा'. गोळ्याही मी थोड्याशाच घेतो. आठवड्यानंतर कुरूप जागच्या जागी होतं. भोवतालची चांगली कातडी मात्र पांढरी पडून सुटली.

मग तळमजल्यावरच्या माणिककाकी म्हणाल्या, "बिब्बा घाल. आमच्याकडे दुसरं काही करतच नाहीत." बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरायचा, तेल सुटलं की चटका द्यायचा. "बोंबलशील हां," काकींनी बजावलं. "माझा भाऊ लंगडी घालत गल्लीबाहेर पळाला होता."

मी हूं की चूं केलं नाही.

"काय रे, दगडाचा आहेस काय?" काकी म्हणाल्या. ही गोष्ट मी ऑफिसात चौघांना, सोसायटीत सहा जणांना आणि काशीरामला दोनदा सांगितली.

पाचव्या दिवशी उत्तराला माझ्या मोज्यावर पिवळा डाग दिसला. तिने मला धरून मुलुंडला डॉक्टर रुचिरांकडे नेलं. त्यांनी जखम बघितली. बिब्ब्याचंही ऐकून घेतलं. मग नायलॉनचा एक बारीक ताठ दोरा काढला. "काका, डोळे मिटा. दोरा टेकला की 'हो' म्हणा."

परीक्षा म्हटली की मला नापास व्हायला आवडत नाही. डोळे मिटले, जरा थांबलो आणि म्हणालो, "हो." पुन्हा अंदाजाने, "हो." मग जरा ठसक्यात, "हो!"

"काका, दोरा अजून माझ्या हातातच आहे."

उत्तरा अशा वेळी हसते. ती हसली नाही, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

पुन्हा तपासलं, यावेळी मी प्रामाणिक राहिलो. अंगठा, चवडा, दोन्हीकडे शून्य. साखरेने नसा बधिर केल्या होत्या; माझं शौर्य ते एवढंच. डॉक्टरांनी मेलेली कातडी काढली, पट्टी बांधली, चवड्यावर भार येऊ नये असा एक विचित्र बूट दिला. "सहा आठवडे या पायावर जोर नाही. अनवाणी तर यापुढे घरातही नाही. रोज आरशात तळवा बघायचा. कुरूप परत आलं तर इकडे या, मी तासून देईन. ब्लेड, पट्टी, बिब्बा काही नाही."

"पण तीन आठवड्यांनी शिमगा आहे. पालखी…"

"नाचलात तर जखम हाडापर्यंत जाईल. मग अंगठा राहील की नाही, मी सांगू शकत नाही."

रिक्षात उत्तरा एवढंच म्हणाली, "ठरवा."

घरी येऊन काशीरामला फोन लावला. बोलायच्या आधी दोनदा खाकरलो. "यंदा पुढचा खांदा तू घे." झालं सगळं सांगितलं आणि त्याच्या आनंदाच्या उकळ्या ऐकायला कान टवकारले.

तो म्हणाला, "वाट लागली रे. देवळाच्या उतारावरचं ते वळण मला कधी जमलंच नाही. दर वर्षी तुला विचारायचो, तू 'नाही दमलो' म्हणालास की माझा जीव भांड्यात पडायचा."

माझं सगळं चप्पलशास्त्र तिथेच कोसळलं.

"घाबरतोस काय!" मी म्हणालो. "गुडघा सैल सोड. दांडा मानेला लागू द्यायचा नाही. उतार लागला की डावा पाय आधी, असा…" सांगता सांगता मी उठलो आणि डावा पाय उचलला.

"खाली बसा!" स्वयंपाकघरातून उत्तरा ओरडली.

मी बसलो.

"डावा आधी," फोनवर काशीराम घोकत होता. "मग? सुबोध, आहेस ना? मग काय?"

"मग उजवा," मी खुर्चीतून सांगितलं. "आणि मध्ये अजिबात थांबू नकोस."