डाव्या दिव्याचा होकार

गाडी न्यायला क्रेन येणार होती आणि मिस्त्री सकाळपासून त्याच गाडीची बॅटरी चार्ज करत बसले होते.

“बाबा, भंगारात चाललीय ती. मरणाऱ्याला नवे दात बसवताय का?” मुलगा म्हणाला.

“असू दे रे.”

इंजिन कधीचंच जाम झालं होतं. टायर बसले होते, वायपर एकच उरला होता, तोही हलत नव्हता. इमारतीच्या मागच्या भिंतीपाशी गाडी उभी असायची, तिथे आता पाण्याची टाकी बांधायची होती. शेजाऱ्यांनी बरंच थांबून पाहिलं होतं, त्यांचंही चुकत नव्हतं. पण मिस्त्रींचा जीव गाडीच्या डाव्या दिव्यात अडकला होता.

लग्न झाल्या झाल्या दोघं एक सिनेमा बघायला गेले होते. लहान मुलांचा म्हणा, घरच्या सगळ्यांचा म्हणा. त्यात एक बुटकी, हट्टी गाडी होती, जिवंत. काही विचारलं की एक दिवा मिचकावून हो म्हणायची, पटलं नाही तर ढिम्म. थिएटरात पोराटोरांचा गलका आणि बिनपोरांचं जोडपं हे एकच. बायको इतकी हसली, की पुढच्या रांगेतली एक चिमुरडी वळून म्हणाली, “मावशी, हळू हसा ना, ऐकू येत नाही!” पुढे तो सिनेमा जिथे लागेल तिथे त्यांनी पाहिला. थिएटर बंद पडलं तेव्हा टीव्हीवर, मुलाला मांडीवर घेऊन.

मिस्त्री गाड्यांचं वायरिंग करायचे. एका गिऱ्हाइकाची जुनी गाडी विकत घेऊन घरी आणली तेव्हा त्यांनी गुपचूप स्टीअरिंगखाली एक बटण बसवलं आणि बायकोला म्हणाले, “विचार तिला काहीतरी.”

तिने बॉनेटवर हात ठेवला. “हा माणूस आळशी आहे ना गं?”

गाडीने दिवा मिचकावला. ती पोट धरधरून हसली, मग वाकून बटण शोधून काढलं. “स्वतःच कबूल केलंत, बरं झालं!”

तेव्हापासून तो दोघांचा खेळ झाला. बटण आहे हे तिला ठाऊक, आणि तिला ठाऊक आहे हे ह्यांना ठाऊक. भांडण झालं की ती तरातरा खाली जाऊन गाडीलाच विचारायची, “चूक ह्यांचीच ना?” मिस्त्री मुकाट्याने मागोमाग जाऊन आत बसायचे आणि बटण दाबायचे. भांडण तिथेच मिटायचं.

आता ती बटण विसरली होती. सिनेमा लक्षात होता, गाडी लक्षात होती. मिस्त्री मात्र कधी लक्षात असायचे, कधी नसायचे. दिवस कलला की ती बावरायची, “मला माझ्या घरी सोडा” म्हणत जिना उतरायची आणि गाडीपाशी यायची. मिस्त्री आत जाऊन बसायचे. त्यांच्याकडे बोट दाखवून ती हळूच विचारायची, “हा बुवा आपल्यातलाच का गं?” गाडी दिवा मिचकावायची. मग ती निमूट त्यांचा हात धरून वर यायची, दोन घास खायची.

मुलाने सांगितलेलंही तिला पटत नसे. एकदा मिस्त्रींनी तो दिवा काढून घरात लावून पाहिला, तर तिने रडून आकांत केला, “तिचा डोळा का काढलात?” त्यांनी तो परत जागेवर बसवला.

दुपार टळल्यावर क्रेन आली. बायको गाडीला टेकून उभी होती.

“आजी, बाजूला व्हा जरा. साखळी लावायचीय,” क्रेनवाला म्हणाला.

“तिला विचारलंस का?”

“कोणाला? गाडीला?”

“मग काय तुझ्या क्रेनला विचारू?”

क्रेनवाल्याने मुलाकडे पाहिलं, मुलाने मिस्त्रींकडे. “बाबा, करा ना काहीतरी.”

मिस्त्री आत जाऊन बसले, बटणावर बोट ठेवलं. त्यांना वाटलं, शेवटचं एकदा नेहमीचंच विचारेल. पण ती वाकून म्हणाली, “तुला जायचंय का गं ह्यांच्याबरोबर?”

मिस्त्रींनी बोट उचललं. दिवा ढिम्म.

“बघा! नको म्हणतेय!” तिचा चेहरा खुलला आणि तिने बॉनेटला मिठी मारली. मुलाने खांद्याला हात लावला तशी किंचाळली. खिडक्यांतून माणसं डोकावू लागली. शेवटी वैतागून क्रेनवाला तिचे हात सोडवायला पुढे झाला. मिस्त्रींना काचेतून तिचं मनगट दिसलं. जरा दाबलं तरी काळंनिळं पडायचं ते.

“थांब, हात लावू नकोस!” ते ओरडले. मग तिला म्हणाले, “अगं, परत विचार. एकदाच.”

तिने विचारलं. मिस्त्रींनी बटण दाबलं.

ती सरळ उभी राहिली. हात आपोआप सुटले. “हो म्हणाली,” ती कोणाकडेच न बघता म्हणाली. “जाऊ दे मग. तिलाच जायचंय.”

पुढची बाजू उचललेली गाडी मागच्या बसक्या टायरांवर फरफटत वळणापलीकडे गेली. भिंतीपाशी ऑइलचा काळा डाग उरला. मुलगा फाटक लावायला गेला.

ऊन उतरत होतं. ती बावरून इकडेतिकडे बघू लागली. मिस्त्रींवर नजर थांबली.

“तुम्ही कोण?”

“अगं, मी.”

“मी म्हणजे कोण?” ती विचारायला म्हणून भिंतीकडे वळली. तिथे कोणी नव्हतं.

मिस्त्री जाऊन त्या डागावर उभे राहिले आणि त्यांनी डावा डोळा मिटून उघडला. थांबून पुन्हा मिटला, उघडला.

तिने जवळ येऊन निरखून पाहिलं. मग परक्याशी बोलावं तसं, पण मायेने म्हणाली, “काका, डोळ्यात काही गेलंय का तुमच्या?”