लटपट्याचा नववा पाय

मी एक जुना कटर आहे. खिशात मावतो तसला नव्हे. छापखान्यातला, पोलादी, म्हशीएवढा. कागदांचा गठ्ठा माझ्या पुढ्यात ठेवायचा, वरचं चाक फिरवून घट्ट दाबायचा आणि दांडा ओढायचा, की माझं पातं एका दमात खाली येतं.

मित्रांनो, मी थापाड्या म्हणून बदनाम आहे, ते आधीच सांगून टाकतो. तरुणपणी माझ्या पात्यावर माशी बसली तर तिच्या दोन माश्या होऊन उडत आणि पुढे जन्मभर एकमेकींना ओळख दाखवत नसत, असं मी सांगत आलो. पाच गावांचे न्हावी माझ्याकडे धार उसनी मागायला यायचे, हेही सांगत आलो. त्यातलं किती खरं मानायचं ते तुम्ही बघा. आज सांगतो त्यात मात्र थाप नाही. असती तर बरं झालं असतं.

ओतशाळेच्या भट्टीत जन्मलो आणि बैठ्या छपराच्या या छापखान्यात आलो, तो इथलाच झालो. वह्या, पावतीपुस्तकं, लग्नपत्रिका, काय काय कापलं. मला चालवायच्या त्या बाइंडिंगवाल्या मावशी. रोज सकाळी पातं पुसताना म्हणायच्या, "हे मशीन नव्हे, जावई आहे. तेल दिल्याशिवाय जागचा हलायचा नाही." बोलायच्या फटकळ, पण माझ्या पाठीवरची धूळ पदराने झटकायच्या.

आमचे मालक भले गृहस्थ. आयुष्यभर त्यांनी लोकांची नावं छापली. कुणाचं सोनेरी, कुणाचं ठसठशीत. स्वतःचं नाव फक्त दारावरच्या पाटीवर, आणि तेही अर्धं पुसलेलं. ही गोष्ट त्यांच्या मनात खुपत असणार.

एकदा त्यांना इंटरनेटवर एक खेळ सापडला. टेबलाभोवती बसून खेळायचा. एक फासा, एक गुहा, आणि गुहेत लटपट्या नावाचा मिशाळ प्राणी. नियमांच्या कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती: "हा खेळ कुणीही घ्यावा, बदलावा, विकावा. मूळ कुणाचा आणि तुम्ही काय बदललं, एवढं सांगावं. नियम ताईचे, लटपट्या बारक्याचा."

मालकांनी डबे करायचं ठरवलं. संगणकावर चित्र बघताना म्हणाले, "नऊ पाय? चूक दिसते. कोळ्याला आठच असतात."

"हा कोळी कुठला मालक, याला मिशा आहेत," मावशी म्हणाल्या.

"मावशी, तुम्ही कागद मोजा."

नववा पाय गेला. खालची ओळ तेव्हा त्यांनी ठेवली होती, हे मी त्यांच्या बाजूने सांगतो. पाचशे कागद ओळीसकट छापून झाले. मग डब्यांची झाकणं आली. त्यांवर 'संकल्पना आणि निर्मिती' आणि खाली मालकांचं नाव, जाडजूड. झाकण एका हातात, कागद दुसऱ्या हातात धरून ते बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "मावशी, खालून अर्धं बोट जास्त कापा."

"खाली ओळ आहे."

"डबा लहान पडतोय."

डबा लहान नव्हता. मालकांना ठाऊक होतं, मावशींना ठाऊक होतं, मलाही. मावशींनी गठ्ठा लावला आणि दांड्यावर हात ठेवून थोडं थांबल्या.

मित्रांनो, माझी लाज इथे आहे. मी अडून बसण्यात पटाईत. ऊन वाढलं म्हणून अडलोय, आळस आला म्हणून अडलोय. एका आमदाराचं पत्रक तर तीन तास अडवून ठेवलं होतं, उगीच. त्या दिवशी अडलो नाही. उलट इतकं साफ कधी कापलं नव्हतं. पाचशे पट्ट्या खाली पडल्या आणि मालकांनी माझ्या पाठीवर थाप मारली, "शाब्बास, म्हाताऱ्या." ती शाबासकी मला गोड लागली. हे सांगतानाही पातं आत ओढून घ्यावंसं वाटतं.

पहिले डबे दुकानांत गेले. महिन्याभराने एका दुपारी एक बाई आली. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत आमचा डबा.

"हा खेळ तुमचा?"

"छापलाही आम्ही आणि सुचलाही आम्हालाच," मालक खुशीत म्हणाले.

"मग एक सांगा. फाशावर एक पडला की लटपट्या अडखळतो आणि माणसं निसटतात. तो का अडखळतो?"

"का म्हणजे? दमत असेल."

"दमत नाही हो. त्याला नववा पाय होता, मधोमध. पळताना तोच आडवा यायचा." तिने कागद टेबलावर पसरला. "माझा भाऊ पाच वर्षांचा असताना त्याने हे चित्र काढलं. आम्ही हसलो, मोजायला चुकलास म्हणून. तर म्हणतो, चुकलो नाही, हा पाय अडखळायला आहे. त्या एका पायावरून मी अख्खा खेळ रचला."

मालकांचा चेहरा उतरला. "पण बाई, कुणीही घ्या असं तुम्हीच लिहिलं होतं."

"घ्या की. विका, चार पैसे मिळवा, मला आनंद आहे. भांडायला नाही आले मी." ती खुर्चीवर टेकली. "अकरा वर्षांपूर्वी बारक्या वडिलांशी भांडून गेला. वडील म्हणाले होते, या घरात तुझं नाव उरणार नाही. कुठे आहे, माहीत नाही. म्हणून खेळ सगळ्यांसाठी खुला केला. जितक्या हातांत जाईल तितकं बरं. एखादा कागद त्याच्या समोर येईल, तळाशी नाव दिसेल, आणि त्याला कळेल की उरलंय. दुसरं काही मागितलं नव्हतं."

मावशी उठल्या आणि माझ्या मागच्या कोपऱ्यातून एक पोतं ओढत घेऊन आल्या. आत पाचशे पट्ट्या.

"रद्दीत द्यायला हात होईना," त्या म्हणाल्या. "मालक, शिव्या नंतर द्या. आधी खळ करा."

मालकांनी शिव्या दिल्या नाहीत. खळ स्वतः ढवळली. तीनशे अठ्ठ्याऐंशी डबे अजून छापखान्यातच होते. मावशी कागदांना पट्ट्या चिकटवत होत्या, बाई घडी घालत होती, आणि मालक पेन घेऊन एकेका लटपट्याला नववा पाय काढत होते. पाय वाकडे यायचे. "असू द्या," बाई म्हणाली. "त्याचाही वाकडाच होता." प्रत्येक पट्टीवर मालकांनी लिहिलं, "आम्ही एक पाय काढून टाकला होता. चूक आमची." झाकणावरच्या 'संकल्पना' या शब्दावरही त्यांनी स्वतः काट मारली.

मी बघत राहिलो. मला कापता येतं, जोडता येत नाही. इतक्या वर्षांच्या बढाया एका खळीच्या वाटीपुढे फिक्या पडल्या.

पण एकशे बारा डबे विकले गेले होते. मालकांनी दुकानदारांना पत्रं पाठवली, दारांवर सूचना लावल्या. नऊ गिऱ्हाईकं पट्टी घेऊन गेली. एकशे तीन पट्ट्या अजून त्या पोत्यात आहेत. हल्ली माझी धार गेली, काम नव्या यंत्राकडे गेलं, माझ्या पाठीवर कुणी चहाचे कप ठेवतं. त्याचं दुःख नाही. दुःख पोत्याचं आहे.

आता तुम्ही विचाराल, बारक्या आला का? थाप मारायला माझं काय जातंय? पावसात भिजत आला, बहिणीच्या गळ्यात पडला, असं रंगवून सांगितलं असतं. पण त्याचं नाव मीच एकदा कापलंय. त्याच्या नावावर खोटी गोष्ट जोडायचा धीर मला होत नाही. तो आलेला नाही.

म्हणून मित्रांनो, एवढं करा. दुसऱ्याने मोकळ्या हाताने दिलेलं खुशाल घ्या, पण कुणाचं ते सांगा. त्याला अर्ध्या बोटाचीच जागा लागते. आणि तुमच्या घरी आठ पायांचा लटपट्या असेल, तर पेन्सिल घ्या. मधोमध एक पाय काढा, वाकडा चालेल. तळाशी लिहा: लटपट्या बारक्याचा. मग खेळायला बसा. शेजारच्या घरात कोण राहतं, आपल्याला कुठे ठाऊक असतं?