जॅम झाला की निघते

मी फ्रीजरमधली बशी बोलतेय. हसू नका. माझा कप फार पूर्वी फुटला आणि तेव्हापासून ताईंनी मला इथे मटारच्या पिशवीवर आडवं केलंय. वर्षातून एकदाच, आलूबुखार पिकले की मला बाहेर काढतात आणि माझ्या गारठलेल्या अंगावर उकळत्या जॅमचा थेंब टाकतात. इतकी वर्षं झाली, तरी दर वेळी माझा जीव दचकतो.

मग ताईंची धाकटी बहीण तो थेंब बोटाने हळूच ढकलते. त्याला सुरकुती पडली की म्हणते, "झाला!" ढवळायचं ताईंनी, बोट लावायचं धाकटीने, ही या घरातली वाटणी.

मागच्या वर्षी मला कुणी बाहेरच काढलं नाही. आईच्या आजारपणात कोण धावलं आणि कोण नाही, यावरून दोघींचं बोलणंच तुटलं होतं. झाडाखाली फळांचा नुसता सडा कुजला.

यंदा ताईंनी एकटीनेच पातेलं चढवलं. थेंब टाकला, बोट लावलं, पुन्हा टाकला. स्वतःच्या बोटावर विश्वासच बसेना. शेवटी गॅस बारीक करून त्यांनी फोन उचलला.

"बोट लावायला येतेस का?"

मी अवाक! ताई आणि आपणहून फोन?

धाकटी आली ती चपला न काढताच आत शिरली. "थांबणार नाहीये मी. जॅम झाला की निघते."

थेंब पडला. बोट आलं. सुरकुती पडली, चांगली ठसठशीत.

"अजून नाही झाला," धाकटी म्हणाली.

मला धक्काच बसला. माझ्याच अंगावर इतकं धडधडीत खोटं?

ताईंनी वाकून पाहिलं. सुरकुती त्यांनाही दिसली, मी त्यांचे डोळे पाहिले ना. आता कडाडणार, असं वाटलं मला. पण त्या म्हणाल्या, "मग ढवळते अजून. तू बस जरा."

धाकटीने चपला काढल्या.

पुढच्या थेंबालाही "नाही." त्याच्या पुढच्यालाही. मग आईचा विषय निघाला, दोघी रडल्या, आणि पातेल्याला करपल्याचा वास सुटला तरी कुणी उठेना.

जॅमचा पार दगड झाला. चमचा त्यात उभाच्या उभा राहिला. ते पाहून दोघी पोट धरून हसल्या.

निघताना धाकटी म्हणाली, "हा बिघडला, ताई. उद्या पुन्हा करू."

मी परत मटारच्या पिशवीवर आलेय. अजून सावरलेली नाही, आणि उद्या पुन्हा चटके आहेतच. तेवढं एक करा, जॅम कधी झाला होता हे मला कुणासमोर विचारू नका.