आईकडची बाजू

“कापायची नाही हो. आधीच सांगून ठेवते.”

सासूबाई पदर खोचून स्टीलच्या ट्रेसमोर उभ्या होत्या. ट्रेमध्ये ओल्या फडक्याखाली, बाळामागून पडलेली वार झाकलेली होती. बाळ सकाळीच झालं होतं, सातव्या महिन्यात, मुठीएवढं, आणि पलीकडच्या खोलीत काचेच्या पेटीत होतं. खाटेवर चारुलता डोळे मिटून जप करत होती. जप मध्येच तुटायचा, आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

“आजी, सगळी नको मला, एक तुकडा द्या,” डॉक्टर नूरीन म्हणाल्या. “आधीची दोन पोटातच गेली, तेव्हा कुणी वार तपासलीच नाही.”

“वार म्हणजे बाळाचा जोडीदार. तो मातीत अख्खा गेला तर पोर तगतं. आमच्या गुहागरास कुणी कधी सुरी लावली नाही तिला.”

“पन पुरनार कुठं, आजी?” फरशी पुसता पुसता आया भिमाबाई बोलली. “सीवूड्सला चौथ्या माल्यावर? कुंडीत?”

“तू गप गो!”

“गप कशी? दिवाले गावाला माज्या दारात जागा हाय, म्हनून इचारते.”

चारुलताच्या नवऱ्याच्या, विलासच्या पेजरवर निरोप गेला होता, पण जासईच्या कंटेनर यार्डातून यायला त्याला संध्याकाळ होणार होती. तोवर वार ठेवून चालणार नव्हतं. म्हणजे हो की नाही, ते चारुलतालाच सांगायचं होतं.

तिलाही वार कापण्याची भीती वाटत होतीच. पण तिच्या पोटात दुसरी एक भीती होती, दोन वर्षांपासूनची. मुंबईच्या एका डॉक्टरांनी घाईघाईत सांगितलं होतं, की तुमच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी बाळाला परकं समजतात. तेव्हापासून रोज सांजवात लावताना ती मागायची, देवा, माझ्या बाळाला माझ्यापासून वाचव.

“डॉक्टर,” ती हळूच म्हणाली, “दोघांना मीच मारलं का हो? माझ्या पांढऱ्या पेशींनी?”

डॉक्टर खाटेच्या कडेला बसल्या. “असं कोण म्हणालं? अहो, वार रुजते तिथे आईच्या त्याच पेशी जमतात. तिथल्या रक्तवाहिन्या बारीक, पिळलेल्या असतात. त्यांच्या भिंती सैल करायला, त्या रुंद करायला ह्या पेशी मदत करतात, तेव्हा कुठे बाळाला पुरेसं रक्त मिळतं. असं हल्ली शोध लावणारे म्हणायला लागलेत. तुमच्यात ते काम अर्धवट राहिलं असेल. नक्की नाही सांगत. म्हणून तर बघायचंय.”

“तुकडा कुठला लागतो?”

डॉक्टरांनी फडकं उचललं. एक बाजू गुळगुळीत, निळसर, नाळेपासून फुटलेल्या शिरांची. त्यांनी ती उलटली. दुसरी बाजू गडद लाल आणि खडबडीत होती.

“नाळेकडची बाळाची बाजू. ही आईकडची, तुमच्या अंगाला चिकटलेली. हिच्यावर तुमच्याच पेशींचा थर असतो. मला एवढाच हवाय.”

“ही माझी?”

“तुमची.”

चारुलताला भडभडून आलं. तिने तोंडावर हात दाबला, मग सासूबाईंकडे वळली.

“आई, बाळाच्या बाजूला कुणी हात लावायचा नाही. ती अख्खीच जाऊ दे मातीत. पण माझ्यातलं कापू द्या त्यांना.”

सासूबाई ट्रेपासून जरा सरकल्या.

“खोल नका हो जाऊ,” त्या डॉक्टरांना म्हणाल्या. “पलीकडे पोर आहे.”

कात्री चालली तेव्हा चारुलताचे कान पलीकडच्या खोलीत होते. तिथून यंत्राची टिकटिक तेवढी येत होती. ती थांबली नाही.

डॉक्टर बाटलीवर चिठ्ठी लावायला लागल्या. “चारुलता यांचं बाळ, असं लिहिते.”

“बाळाचं नको. नुसतं माझं लिहा.”

उरलेली वार मडक्यात घालून, वर हळदकुंकू वाहून सासूबाई भिमाबाईबरोबर दिवाल्याला निघाल्या. दारात ऊन लागलं तसा त्यांनी मडक्यावर पदर ओढला.

बाटलीत तो तुकडा सावकाश तळाशी जात होता. चारुलता त्याच्याकडे बघत राहिली. सकाळपासून तिने बाळाकडे काचेतूनच, तेही लांबून पाहिलं होतं.

“डॉक्टर, मी त्याला शिवलं तर... चालेल?”

“हात धुवा आधी.”

डॉक्टरांनी तिला कोपराशी धरून बेसिनपाशी नेलं. तिने साबण लावला, धुतला, पुन्हा लावला. डॉक्टरांनी नळ बंद केला तरी ती बोटं चोळतच होती.