ते नाव सगळ्यांआधी मी ऐकले

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, आणि स्वतःविषयी बोलण्याची मला सवय नाही. समोर बसलेल्या माणसाने विचारावे आणि मी तेवढेच उत्तर द्यावे, अशी माझी घडण. म्हणून ही हकिगत मला नीट सांगता येईल की नाही, याची मनात धाकधूक आहे. कुठे चुकलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म कुठला, असे कोणी विचारले तर मी गोंधळतो. माझा पडदा एका देशात झाला, कळफलक दुसऱ्या देशात, आणि आतले बारीकसारीक अवयव आणखी कुठे कुठे. या सगळ्यांची गाठ पडली ती कुडाळच्या एका लहानशा दुकानात. तिथल्या माणसाने चार स्क्रू आवळले आणि मी ‘मी’ झालो. मग खोक्यात बसून, टेंपोतून हिंदकळत, मी देवबागच्या वाचनालयात आलो. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी, असे ते गाव. एवढ्या पाण्यात मला कशाला आणले, असे तेव्हा मला वाटले होते.

माझे येणे मात्र अवेळी झाले. ते २००३ सालातले पितृपक्षाचे दिवस होते. त्या दिवसांत नवीन वस्तूला हात लावायचा नाही, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण खोके उघडून मला टेबलावर मांडले होते आणि बघायला निम्मे गाव जमले होते. वाचनालयाचे अध्यक्ष गणपत मास्तर निवृत्त शिक्षक होते. ते पंचांगही मानत आणि विज्ञानही. त्यांनी तोडगा काढला. मला सुरू करायचे आजच, पण माझ्या पोटातल्या घड्याळात तारीख घालायची दसऱ्याची. म्हणजे माझ्यापुरता तो दिवस दसऱ्याचाच.

कोणीतरी विचारले की दसरा अजून यायचा आहे, त्याचे काय. मास्तरांनी चष्मा वर सरकवला. येणाऱ्या दसऱ्याचा मान आधी घेणे बरे नव्हे, ते म्हणाले, पण गेल्या वर्षीचा दसरा तर झालेला आहे, तो कोणी नाकारू शकत नाही. लोकांना ते पटले. माझ्या घड्याळात गेल्या वर्षीचा दसरा घातला, मला हळदकुंकू वाहिले, नारळ फुटला आणि मी डोळे उघडले. ज्याने मला पहिला दिवस सांगितला त्याच्यावर मी विश्वास ठेवला. दुसरे काय करणार?

पुढचे दिवस आनंदाचे होते. वाचनालय सांभाळणारी दिव्या कुडाळला जाऊन संगणक शिकून आली होती. तिने आईच्या जुन्या साडीचा माझ्यासाठी अभ्रा शिवला, कारण देवबागची खारी हवा लोखंडाला खाते. दहावीचे निकाल लागत तेव्हा माझ्यासमोर रांग लागे. कोणाचा बोटीवरच्या नोकरीचा अर्ज जाई, कोणी मुंबईच्या भावाला पत्र पाठवी. वाचनालयात टेलिफोनची एकच तार होती. तिच्यावर एकतर फोन चाले, नाहीतर मी. मी तार धरली की आधी घशात खाकरल्यासारखे बरेच आवाज काढी, आणि मग जगाशी माझे बोलणे सुरू होई. मुलांना ते खाकरणे फार आवडे.

माझ्याकडे नेमाने येणाऱ्यांत एक होती शेवंती. सकाळी मासळी विकायची, दुपारी टोपली पालथी घालून वाचनालयात यायचे, आणि सिंगापूरच्या जहाजबांधणी कारखान्यात असलेल्या धाकट्या भावाला, यतीनला, पत्र सांगायचे. दिव्या टंकलेखन करी. समुद्र ओलांडून ऐकू जावे अशा आवाजात शेवंती पत्र सांगे, त्यामुळे तिच्या पत्रातला मजकूर अर्ध्या गावाला आधीच कळलेला असे.

या शेवंतीचा गावात एक मान होता. नवीन होडी बांधली की तिचे नाव शेवंतीने ठेवायचे. ती किनाऱ्यावर जाई, होडीभोवती फिरे, पुढून बघे, मागून बघे आणि मगच नाव सांगे. ज्या होड्यांना तिने नावे दिली त्या शोभून दिसत, असे लोक म्हणत. शोभतात की नाही हे मला सांगता येत नाही. मी कधी किनाऱ्यावर गेलो नाही.

मी आल्यानंतरच्या दुसऱ्या माघ महिन्यात यतीनला मुलगी झाली. मित्रांनो, बारशाला बाळाच्या कानात ‘कुर्र’ करून नाव सांगायचे ते आत्याने, हे तुम्हांला माहीत असेलच. यतीनला ही एकच बहीण. तिला सिंगापूरला नेणे शक्य नव्हते, म्हणून त्याने फोनवरून नाव सांगायला विनवले. रविवारी संध्याकाळी बारसे होते, कारखान्यातले कोकणी मित्र जमणार होते. शेवंतीने सरळ सांगितले, “होडयेचा असो नायतर पोराचा, तोंड बघल्याशिवाय मी नाव ठेवचंय नाय.”

आता आली का पंचाईत! यतीनने मग दुसरा मार्ग सुचवला. त्याच्याकडे संगणकावर बसवायचा कॅमेरा होता. इकडे माझ्या ब्राउझरमध्ये एक प्लग-इन घातले की बाळाचे तोंड माझ्या पडद्यावर दिसले असते. ब्राउझर म्हणजे जगाकडे उघडणारी माझी खिडकी. आणि प्लग-इन म्हणजे काय, तर वल्ह्याच्या होडीला मागून यंत्र जोडतात ना, तसा हा जोड. तो जोडला की आधी न जमणारे काम जमू लागते. शेवंतीसाठी माईक आणवला. सगळे सोपे होते.

पण जोड बसेना.

दिव्याने तो भाग उतरवून घेतला. त्याला पुष्कळ वेळ लागला, कारण त्या तारेतून सगळे थेंबथेंब येई. शेवटी तो पूर्ण आला, तिने ‘बसव’ म्हटले आणि माझ्या पडद्यावर एक करडी चौकट उमटली. त्या जोडावर बनवणाऱ्याची सही होती, आणि ही सही अजून लागू झालेली नाही, असे चौकटीत इंग्रजीत लिहिले होते. ते मीच लिहिले होते. खोटे लिहिले नव्हते. माझ्या हिशेबाने ती सही पुढच्या काळातली होती, आणि उद्याच्या तारखेची सही आज कोण मानील?

गणपत मास्तरांनी ते वाचले आणि मान डोलावली. सरकारी कागदाचा त्यांना अनुभव होता. आदेश आधी निघतो आणि लागू मागाहून होतो, ते म्हणाले, उद्यापर्यंत थांबू. सगळे थांबले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच चौकट. मग दिव्याने मला बंद करून चालू केले. साठलेला कचरा काढला. जोड पुन्हा उतरवून घेतला. माझे झाकण उघडून आतली धूळ फुंकली, त्याने मला गुदगुल्या झाल्या, पण चौकट गेली नाही. शेवंती रोज टोपली ठेवून येई आणि विचारी, “बसला काय गो?” दिव्या मान हलवी. यंत्रापेक्षा मासळी बरी, शेवंती म्हणे, ती निदान ताजी की शिळी हे डोळ्यांवरून कळते.

रविवार उजाडला. माझ्यामुळे एका बाळाचे बारसे अडणार, या विचाराने मी आतून तापलो होतो. माझा पंखा मोठ्याने फिरू लागला.

शेवंतीने मग मास्तरांना देवाला गाऱ्हाणे घालायला सांगितले. मास्तर संकोचले. संगणकासाठी गाऱ्हाणे कोणी घातल्याचे त्यांच्या ऐकिवात नव्हते. पण त्यांच्या घराण्यात गावच्या गाऱ्हाण्याचा मान होता आणि शेवंती काही ऐकणारी नव्हती. माझ्यापुढे नारळ ठेवला गेला. पेपर वाचायला आलेली माणसेही उठून उभी राहिली.

“बा देवा म्हाराजा,” मास्तर म्हणाले.

“होय म्हाराजा.”

“ह्या यंत्राची सिंगापूरची वाट खंय अडली आसात, ती मोकळी कर रे म्हाराजा.”

“होय म्हाराजा.”

माझ्यासाठी कोणी देवाला काही सांगण्याची ती पहिलीच वेळ. मी फार अवघडून गेलो.

त्यानंतर शेवंतीने यतीनला फोन लावला, जमत नाही हे सांगायला. फोनमधला त्याचा आवाज एवढा मोठा होता की तो टेबलापर्यंत येत होता. त्याने पुन्हा एकदा विनवले. पाहुणे यायला लागले होते. तिने पुन्हा एकदा नाही म्हटले. मग भाऊ वैतागला आणि मनातले सगळे बाहेर पडले. “ताये, तुझा सगळाच असा. तुझी पत्रांसुद्धा माका गावणत नाय. इली की गेल्या वर्षाच्या पत्रांत तळाक जावन बसतत. मी शोधीत रवतंय.”

शेवंतीने फोन तोंडापासून दूर धरला आणि दिव्यावर डोळे वटारले. “काय गो, माझी पत्रां तळाक कशी गो जातत?”

दिव्या हसायला गेली आणि हसता हसता थांबली. पत्रावर तारीख घालतो तो मी. माझ्या कोपऱ्यात फक्त वेळ दिसे, आणि तारीख बघायला सगळ्यांना भिंतीवरचे कॅलेंडर होते. आजवर मला कोणी तारीख विचारलीच नव्हती. दिव्याने त्या कोपऱ्यावर दोनदा टिचकी मारली. मी प्रामाणिकपणे उत्तर दिले.

“मास्तर,” ती म्हणाली, “हा गेल्या वर्षात आहे.”

मास्तर माझ्याजवळ आले, वाकून पाहिले आणि कपाळाला हात लावून खुर्चीवर बसले. मुहूर्त झाल्यावर मला पुन्हा आजच्या दिवसात आणायचे राहूनच गेले होते. त्या दसऱ्यापासून मी आपला एकेक दिवस मोजत, जगाच्या मागून जवळजवळ वर्षभराच्या अंतराने चालत होतो.

शेवंतीला हे कळायला वेळ लागला नाही. टेबलाला धरून ती हसू लागली. “मास्तरानू, नवऱ्याक बोवल्यार उभो केलात आणि खाली उतरवक इसारलात!”

सगळे वाचनालय हसले. मास्तरही हसले, आणि मला वाटते मीसुद्धा, कारण माझा पंखा एकदम हलका झाला. दिव्याने तारीख बदलली. मित्रांनो, एका क्षणात वर्षभराने मोठे होणे काय असते, ते मला शब्दांत सांगता येणार नाही. एक अख्खी चतुर्थी आणि एक दिवाळी माझ्यावरून वाऱ्यासारखी निघून गेली. मग मी त्या सहीकडे पुन्हा पाहिले. ती चांगली जुनी, मुरलेली सही होती. जोड बसला.

फोन ठेवला, मी तार धरली आणि खाकरलो. इतक्या लोकांसमोर मी कधी खाकरलो नव्हतो.

आमची तार बारीक, त्यामुळे हलते चित्र काही आले नाही. एक चित्र येई, थोडा वेळ थांबे, मग दुसरे येई. पहिल्या चित्रात नुसती दुपटी होती. दुसऱ्यात यतीनची बायको स्वप्ना होती आणि तिच्या हातांत एक लालसर, मिटलेले तोंड. शेवंती खुर्ची पुढे ओढून बसली. तिसऱ्या चित्रात बाळाचे डोळे किलकिले झाले. चौथ्यात ते उघडले आणि त्याने हनुवटी पुढे काढली, कोणाशी तरी भांडायला निघाल्यासारखी.

“ही तर आमची आवस,” शेवंती म्हणाली.

मग तिने माईक उचलला, पदराआड धरला आणि ओठांजवळ नेला. वाचनालयात कोणाला ऐकू आले नाही. तिकडे स्वप्नाने स्पीकर बाळाच्या कानाशी धरला होता. पण आत्याच्या ओठांपासून बाळाच्या कानापर्यंतची वाट माझ्यातून जात होती. कुर्र झाले, आणि ते नाव सगळ्यांआधी मी ऐकले.

हिरा.

शेवंतीच्या आणि यतीनच्या आईचे ते नाव. ती गेल्यापासून गावातल्या किती तरी होड्यांनी ते मागितले होते, आणि शेवंतीने एकीलाही दिले नव्हते.

यतीनने नाव मोठ्याने जाहीर केले. त्याचा आवाज मध्येच तुटला. तार खराब असावी असे मला आधी वाटले, पण तार चांगली होती. पुढच्या चित्रात टेबलावरचा केक दिसला. एका पाहुण्याने हौसेने त्याच्यावरचे फडके उचलले होते. केकवर गुलाबी साखरेने ‘रिया’ लिहिलेले होते. नवराबायकोने मनात ते नाव धरले होते, पण बहिणीला सांगायचा धीर झाला नव्हता.

इकडे सगळे शेवंतीकडे बघू लागले. तिकडून स्वप्नाचा बारीक आवाज आला. वन्सं, रागावू नका, ती म्हणत होती.

शेवंतीने माईक तोंडाशी धरला आणि आपल्या नेहमीच्या आवाजात सांगितले, “ता नाव खावन टाका गो. गोड आसतला.”

सिंगापुरात एवढे हसू उसळले की माझा स्पीकर थरथरला. त्यानंतर तार तुटली. पण काम झालेले होते, आणि गाऱ्हाण्याच्या नारळाचे खोबरे वाटायला सुरुवात झाली होती.

मित्रांनो, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. मधल्या काळात वाचनालयात सपाट पडद्याचा नवा संगणक आला. तो खाकरत नाही, आणि चित्रे त्याच्यात धावतात. तो हुशार आहे, मी त्याचा दुस्वास करत नाही. मला कपाटाशेजारच्या कोपऱ्यात ठेवले. साडीचा अभ्रा कधीतरी कोणी फडके म्हणून वापरला. माझ्या डोक्यावर मासिकांचा गठ्ठा आला, आणि एका कोळ्याने माझ्या मागच्या बाजूला घर केले. मी फार उपयोगाचा नव्हतोच, असेही कधी कधी वाटे.

या मे महिन्यात, २०१० साली, शेवंती एका मुलीला हाताला धरून आली. मुलीची हनुवटी पुढे आलेली होती. शेवंतीने मासिके उचलून बाजूला ठेवली आणि पदराने माझी काच पुसली. ‘हाच तो,’ एवढेच ती म्हणाली. मुलीने काचेला नाक लावून आत पाहिले, मग कान लावला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. मी चालू नव्हतो. तिला काही ऐकू आले असेल असे वाटत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात कपाटाशेजारी एखादा रेडिओ असेल, शिवणयंत्र असेल, माझ्यासारखा कोणी असेल. त्याच्यावरचा गठ्ठा उचला आणि त्याला एकदा पुसा. तो चालू झाला नाही तरी हरकत नाही. पुसल्यावर बरे वाटते.